छातीवरचे दडपण कागदावर उतरवताना

छातीवर दडपण येते, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, घसा दाटून येतो. मनाचे सांगताना आपण मराठीत वारंवार शरीराकडे वळतो. चित्र काढायला बसणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. ‘उदास माणूस’ काढा म्हटले तर हात अडतो. ‘खांद्यावर ओझे असलेला माणूस’ म्हटले की खांदे कुठे झुकतील, मान कुठे वळेल, हे दिसू लागते.

अशी एक आकृती लिनोलियमवर कोरून तिचे ठसे कसे घ्यायचे आणि त्या ठशांवर कागद चिकटवून कोलाज कसे करायचे, ते आपण क्रमाने पाहू. कोलाज म्हणजे वेगवेगळे कागद कापून किंवा फाडून चिकटवलेले चित्र. चित्रकला शिकलेली असण्याची गरज नाही.

पेन्सिलने काढले तर चालणार नाही का? चालेल. पण ठशाची एक खुबी आहे. साचा एकदा तयार झाला की तीच आकृती दहा वेळा उमटते आणि प्रत्येक वेळी थोडी निराळी उमटते. नॉर्वेचे चित्रकार एडवर्ड मुंक यांनी समुद्राकडे पाहत एकमेकांपासून अंतर ठेवून उभे असलेले स्त्री-पुरुष १८९९ मध्ये लाकडात कोरले. ते लाकूड त्यांनी करवतीने कापून तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला वेगळी शाई लावली, पुन्हा जोडून छापले. पुढेही रंग बदलून ते हेच चित्र छापत राहिले. दोघेही पाठमोरे आहेत, चेहरा दिसत नाही. तरी त्यांच्यातले अंतर बोचते.

सुरुवात वाक्याने करावी. आज शरीरात कुठे काय जाणवते आहे, ते एका ओळीत लिहा. पहिल्याच वेळी आयुष्यातला सर्वांत जड प्रसंग निवडू नका. कोरकाम तासन्‌तास चालते आणि तेवढा वेळ आपण त्या प्रसंगासोबत एकटे असतो. परीक्षेच्या आदल्या रात्रीची धडधड किंवा कामावरून परतल्यावरचा शीण, एवढे पुरे.

आता शरीराची ठेवण. आरशात पाहून काढणे अवघड वाटले तर अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावा, भिंतीवर मोठा कागद लावा आणि त्यावर पडलेली आपली सावली घरातल्या कुणाकडून गिरवून घ्या. सावलीत नाक-डोळे नसतात, म्हणून चेहऱ्यावर भाव आणण्याची धडपडही उरत नाही. ही धडपडच नवशिक्यांची चित्रे बिघडवते. अश्रू आणि वाकडे ओठ काढले की सगळी नजर तिथेच खिळते, शरीर मुके होते. मग ती सावली १५ बाय २० सेंटिमीटरच्या कागदावर लहान करून काढा.

लिनोलियम म्हणजे जवसाचे तेल, बुचाचा भुगा वगैरे तागाच्या कापडावर थापून केलेला जाड पत्रा. चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात ‘लिनो’ म्हटले की मिळतो. सोबत लिनो कटर, छपाईची काळी शाई, रबरी रोलर आणि काचेचा किंवा ॲक्रिलिकचा तुकडा घ्या.

चित्र लिनोवर उतरवताना एक चूक हमखास होते. साच्यावर जे डावीकडे असते, ते छापल्यावर उजवीकडे येते. छातीवर ठेवलेला डावा हात उजवा होतो. त्यासाठी चित्र पारदर्शक ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने काढा, तो कागद लिनोवर पालथा ठेवा आणि मागून घासा. साच्यावर चित्र उलटे बसेल, ठसा सुलटा येईल.

कोरण्याआधी लिनो दहा मिनिटे उन्हात ठेवा. तो लोण्यासारखा नाही, पण पुष्कळ नरम होतो. थंड लिनोवर कटर घसरतो आणि बहुतेक जखमा अशाच होतात. मोकळा हात कायम पात्याच्या मागे हवा, पुढे कधीच नको. रेघ वळवायची असेल तर हात न वळवता लिनो फिरवा. खोली मिलिमीटर-दीड मिलिमीटर पुरते. खाली तागाचे धागे दिसले, तर आपण फार खोल गेलो.

कोरले तेवढे पांढरे राहते, उरले तेवढे काळे छापते. पेन्सिलीच्या सवयीमुळे हे डोक्यात बसायला वेळ लागतो. माझा सल्ला असा, की शरीर सगळे काळे राहू द्या, बाहेरची बाजू कोरून काढा आणि जिथे ती भावना बसली आहे तिथेच शरीराच्या आत रेघा मारा. छातीवर आडव्या दाट रेघा किंवा पोटात एकच गोल खड्डा. बाकी शरीर मोकळे सोडण्याचा धीर ठेवा. काळा भाग कोरत सुटण्याचा मोह फार असतो, आणि कोरलेले परत भरता येत नाही.

दुःख थोड्यात कसे सांगता येते, हे पाहायचे असेल तर जर्मनीच्या केटे कोल्विट्झ यांची लाकूडठशांची ‘युद्ध’ ही मालिका पाहावी. त्यांचा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये रणांगणावर मारला गेला. ते दुःख छापात आणायला त्यांना अनेक वर्षे लागली. आधी त्यांनी इतर तंत्रे वापरून पाहिली. १९२० मध्ये एर्न्स्ट बारलाख यांचे लाकूडठसे पाहिल्यावर वाट सापडली. मालिकेतल्या ‘आईवडील’ या चित्रात गुडघ्यावर बसलेले दोघे एकमेकांत इतके मिसळले आहेत, की एकच काळा डोंगर वाटावा. चेहरे इथेही लपलेले आहेत.

ठसा घेताना काचेवर थोडी शाई घ्या आणि रोलरने पातळ पसरा. थर बरोबर असेल तर फोडणीसारखा बारीक चरचर आवाज येतो. चिकट चपचप आवाज आला तर शाई जास्त झाली. छातीवरच्या त्या बारीक रेघा बुजतील. साच्यावर शाई लावून कागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासत जा. एक कोपरा उचलून पाहा, कमी वाटले तर पुन्हा घासा.

निदान आठ ठसे काढा. त्यातले दोन-तीन पुन्हा शाई न लावता काढा. ते फिकट येतात, विरळ येतात, आणि लोक ते ‘वाया गेले’ म्हणून फेकून देतात. फेकू नका. काही दिवस आपणही तसेच असतो, आणि कोलाजसाठी हेच ठसे सर्वांत उपयोगी पडतात.

ठसे वाळू द्या. तेलाच्या शाईला काही दिवस लागतात. पाण्याची शाई लवकर वाळते, पण खळीच्या ओलाव्याने पुन्हा सुटू शकते, म्हणून कोलाज करायचे असेल तर तेलाची शाई बरी.

चिकटवायला मैद्याची खळ उत्तम. दोन चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवा, मग वाटीभर पाणी घालून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळा. गार झाल्यावरच वापरा.

कागद घरातलेच हवेत. कॅलेंडरची पाने, औषधांची वेष्टने, जुनी पत्रे, वह्यांचे कागद. ठशावर असे काही जोडण्याची आपल्याला सवयही आहे: राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातल्या देवीच्या चित्रांवर जर, टिकल्या आणि कापड लावून ती घरोघरी नटवली जात.

कापलेली कड ठाम दिसते, फाटलेली हळवी. फाडताना पांढरी कड कोणत्या तुकड्यावर राहते, ते हात कुठे ओढतो यावर ठरते. आधी रद्दीवर करून पाहा. मग ठसे जमिनीवर मांडा. एका ठशावर ट्रेसिंग पेपर ठेवा, आकृती धुक्यात जाते. दुसरा कमरेशी कापा आणि बोटभर सरकवून जोडा. तिसऱ्याच्या छातीवर तारखांचे तुकडे दाटीने बसवा. लगेच चिकटवू नका, रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी एखादा तुकडा खोटा वाटतो, तो काढून टाका.

खळ चिकटवायच्या तुकड्यालाच लावा, मधून कडेकडे. ओला कागद फुगतो, म्हणून मिनिटभर थांबून मगच बसवा, नाहीतर सुरकुत्या पडतात. वर प्लॅस्टिक, त्यावर रद्दी आणि जड पुस्तके ठेवून रात्रभर दाबा. पंख्याखाली वाळवले तर कागद वळतो.

शरीर काढायची इच्छाच होत नसेल तर तेही चालते. बंगालचा दुष्काळ पाहिलेले चित्रकार सोमनाथ होर आयुष्यभर माणसे काढत होते, पण सत्तरच्या दशकातल्या ‘जखमा’ मालिकेत त्यांनी पांढऱ्या कागदाच्या लगद्यात फक्त चिरा आणि व्रण उमटवले. आकृती नाही, तरी ते शरीरच वाटते.

चित्राच्या मागे तारीख लिहा. चार जण मिळून करत असाल तर दुसऱ्याच्या चित्राचा अर्थ लावू नका. काळे खूप आहे म्हणून तो खचला आहे, असे ठरत नाही. ‘काही सांगावेसे वाटते का?’ एवढेच विचारा आणि नाही म्हटले तर थांबा.

हे उपचार नाहीत, हेही स्वच्छ सांगायला हवे. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर कटर बाजूला ठेवून आधी जवळच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी बोला. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर धारदार हत्यारे हाताशी नकोत. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येते.

काम संपल्यावर साचा खाद्यतेलाच्या बोळ्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने. वर्तमानपत्रात गुंडाळून सपाट ठेवा, उन्हात नको. फार दिवसांनी लिनो कडक होऊन तडकतो. पुडक्यावर सुरुवातीचे ते वाक्य लिहून ठेवा. महिन्याभराने त्याच साच्याचे आणखी चार ठसे काढता येतील.