खडेमीठ, सूयांग आणि प्रश्नपत्रिका

रसायनशास्त्राच्या अध्यापनात एक जुने कोडे आहे. समीकरण अचूक संतुलित करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘यात प्रत्यक्षात काय घडले?’ असे विचारले की तो गप्प होतो. १९८७ मध्ये न्यूरेनबर्न आणि पिकरिंग या अमेरिकी अभ्यासकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे एकाच विषयावरचे दोन प्रकारचे प्रश्न ठेवले होते. एक सूत्र वापरून सुटणारा, दुसरा कणांच्या चित्रांतून उत्तर निवडण्याचा. पहिला सोडवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना दुसरा सुटला नाही. म्हणजे गणित येत होते, रसायन येत नव्हते.

याचे कारण ग्लासगो विद्यापीठातील अ‍ॅलेक्स जॉन्स्टन यांनी चांगले उलगडले आहे. रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर एकदम बोलते. एक, डोळ्यांना दिसणारी: निळे द्रावण, बुडबुडे, तळाशी बसलेला साका. दुसरी, न दिसणारी: अणू, रेणू, आयन. तिसरी चिन्हांची. शिक्षक एकाच वाक्यात या तिन्हींवरून सहज फिरतो. मुलाला मात्र आपण कुठल्या मजल्यावर आहोत हेच कळत नाही. (त्यात आपल्याकडे भाषेची गंमत वेगळी. मराठीतला ‘अणू’ हिंदीत ‘परमाणु’ होतो आणि मराठीतल्या ‘रेणू’ला हिंदी ‘अणु’ म्हणते. मराठी शाळेतल्या मुलाच्या हाती हिंदी पुस्तक पडले की दुसरा मजलाच हलतो.)

अलीकडे ‘क्षमताधिष्ठित शिक्षण’ हा शब्द आपल्याकडे फार फिरतो. त्याचा रसायनशास्त्रापुरता अर्थ काय, हे पाहायचे तर चीनकडे पाहावे असे मला वाटते. क्षमता हा शब्द प्रस्तावनेत ठेवून न थांबता तो थेट विषयाच्या आराखड्यात उतरवण्याचा मोठा प्रयत्न तिथे झाला आहे. तिथला शब्द ‘हशिन सूयांग’. ‘हशिन’ म्हणजे गाभा. ‘सूयांग’मधल्या ‘यांग’ला पोसण्या-वाढवण्याचा अर्थ आहे. त्यामुळे ‘क्षमता’पेक्षा ‘अंगी बाणलेले’ हे भाषांतर मला जवळचे वाटते. चिनी शिक्षण मंत्रालयाने २०१४ मध्ये हा शब्द धोरणात आणला. उच्च माध्यमिक वर्गांसाठीची विषयवार मानके ‘२०१७ ची आवृत्ती’ म्हणून २०१८ च्या आरंभी प्रसिद्ध झाली आणि २०२० मध्ये सुधारली गेली.

रसायनशास्त्रासाठी पाच गोष्टी ठरल्या. दिसणारे ओळखणे आणि ते कणांच्या पातळीवर उलगडणे. बदल आणि समतोल या दृष्टीने विचार करणे. पुराव्यावरून अनुमान काढणे आणि प्रतिमानाने समजून घेणे. शोधक प्रयोग आणि नवनिर्मिती. वैज्ञानिक वृत्ती आणि सामाजिक जबाबदारी. पहिली वाचताना जॉन्स्टन आठवतातच. शेवटची जरा भाषणाच्या थाटाची आहे, पण तिच्याकडे आपण दुर्लक्ष करू. महत्त्वाचे आहे ते पुढचे. प्रत्येक क्षमतेच्या चार पायऱ्या लिहून काढल्या आणि त्या परीक्षांशी जोडल्या. शाळा उत्तीर्ण होण्यासाठी दुसरी पायरी, विद्यापीठ प्रवेशाच्या निवड परीक्षेसाठी चौथी. शिवाय विद्यार्थ्याने स्वतः करायलाच हवेत असे प्रयोग नावानिशी दिले: सर्वांसाठी ९ आणि रसायनशास्त्र पुढे घेणाऱ्यांसाठी आणखी ९.

या नवांपैकी एक प्रयोग आपल्या स्वयंपाकघरातला आहे: खडेमीठ शुद्ध करणे. मिठागरातून आलेल्या मिठात सोडियम क्लोराइडबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सल्फेट असतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. ते हवेतली ओल ओढून घेते. आता हे आगंतुक काढायचे कसे? मीठ पाण्यात विरघळवायचे. सल्फेट काढायला बेरियम क्लोराइड घालायचे, मग बेरियम सल्फेटचा पांढरा साका बसतो. मॅग्नेशियमसाठी सोडियम हायड्रॉक्साइड, कॅल्शियमसाठी सोडियम कार्बोनेट. प्रत्येक वेळी थोडे जास्तच घालायचे, म्हणजे काही मागे राहत नाही. मग गाळायचे, गाळलेल्या पाण्यात बेताने हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे आणि पाणी आटवायचे.

कृती म्हणून ही चार ओळींत पाठ होते. प्रश्न क्रमाचा आहे. कार्बोनेट बेरियमच्या आधी घातले तर चालेल का? नाही. कारण बेरियम आपण जास्त घातलेले आहे. ते उरलेले बेरियम स्वतःच विषारी. ते बाहेर काढण्याचे काम कार्बोनेटच करते. म्हणजे कार्बोनेट दोन पाहुण्यांना एकदम निरोप देते, म्हणून त्याने बेरियमनंतरच यायचे. हायड्रॉक्साइड मात्र आधी, मध्ये किंवा शेवटी, कुठेही चालते. आणि आम्ल गाळण्यापूर्वी घातले तर? बेरियम सल्फेट तसेच राहील, पण कार्बोनेटचे आणि हायड्रॉक्साइडचे साके पुन्हा विरघळतील आणि सगळी मेहनत पाण्यात जाईल, अगदी शब्दशः. शेवटच्या आम्लाचे काम एवढेच, की जास्तीचे कार्बोनेट आणि हायड्रॉक्साइड संपवावे. त्यातून तयार होते ते पुन्हा मीठच, सोबत पाणी आणि उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड.

हे ‘का’ ज्याला सांगता येते तो साका पाहतो, त्यामागचे आयन मनात धरतो आणि कागदावर समीकरण मांडतो. तिन्ही मजले त्याच्या पायाखाली असतात. क्षमता म्हणतात ती हीच. तिला वेगळ्या तासाची गरज नाही, वेगळ्या प्रश्नाची आहे.

पण चीनची गोष्ट इथे संपत नाही, आणि मला तिचा पुढचा भाग अधिक बोधक वाटतो. याच काळात तिथली प्रवेश परीक्षा, गाओकाओ, बदलली. रसायनशास्त्र निवडीचा विषय झाला. निवडीच्या विषयांचे गुण कच्चे न धरता तो विषय घेतलेल्यांमधल्या क्रमावरून ठरू लागले. रसायनशास्त्र हुशार मुले घेतात, मग त्यांच्या रांगेत आपण मागे पडू, हा हिशेब मध्यम मुलांनी लगेच केला आणि ती भूगोल-जीवशास्त्राकडे वळली. ती गेल्यावर मागे उरलेल्यांतले मध्यम नवे शेवटचे ठरले, मग तेही निघाले. अनेक ठिकाणी रसायनशास्त्राचे वर्ग रोडावले. अखेर २०२१ मध्ये मंत्रालयाने विद्यापीठांसाठी नवी विषयअट घातली. २०२४ च्या प्रवेशांपासून बहुतेक विज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक शाखांना भौतिकशास्त्राबरोबर रसायनशास्त्रही आवश्यक झाले. पाच क्षमता आणि चार पायऱ्या इतक्या निगुतीने लिहिलेला विषय गुणांच्या एका सूत्राने ओस पाडला आणि प्रवेशाच्या एका अटीने परत भरला. अभ्यासक्रमातला एक शब्दही त्यासाठी बदलावा लागला नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये आले, शालेय आराखडा २०२३ मध्ये. सीबीएसईने २०२४-२५ पासून अकरावी-बारावीला क्षमताधिष्ठित प्रश्नांचा वाटा ४० वरून ५० टक्के केला. हे स्वागतार्ह आहे. पण महाराष्ट्रात बारावीचा विद्यार्थी मनातून ज्या परीक्षेची तयारी करतो त्या सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० बहुपर्यायी प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. एवढ्यात मिठातल्या बेरियमचे काय झाले याचा विचार कुणी करत नाही. क्रम पाठ असलेलाच बरा. खासगी शिकवण्या तेच सांगतात आणि त्यांच्या हिशेबाने ते चूक नाही.

वेगळी परीक्षा घेता येते हे दाखवायला चीनपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला आणि १९७८ मध्ये त्या जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत पसरला. सहावी ते आठवीची खेड्यातली मुले वर्गात टोळ्या करून स्वतः प्रयोग करत. आठवीच्या परीक्षेला लेखी भागात पुस्तक आणि वही जवळ ठेवण्याची मुभा होती, कारण त्यांत पाहून उतरवता येईल असे काही विचारलेच जात नव्हते. जोडीला प्रात्यक्षिक परीक्षा असे. सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांकडून हे तीस वर्षे चालले. २००२ मध्ये राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला.