काठवट कातताना

भाकरीचे पीठ मळण्याचे रुंद तोंडाचे, उथळ लाकडी भांडे म्हणजे काठवट. ज्वारी खाणाऱ्या मुलखातल्या स्वयंपाकघरांतून परातीने तिला बरीच मागे सारली असली, तरी लाकडाची पारख तिच्या घडणीत जितकी लागते तितकी खाटेच्या खुरांत किंवा लाटण्यात लागत नाही. वाकसाने कोरताना लाकूड स्थिर राहते आणि हत्यार फिरते. कातकामात, म्हणजे लेथवरील घडणीत, लाकूड फिरते आणि कातारी पटाशी धरून बसतो. पूर्वी तो जमिनीवर बसून पायाच्या बोटांनी हत्यार आवरीत असे आणि साथीदार दोरी पुढेमागे ओढीत असे, त्यामुळे लाकूड उलटसुलट फिरून अर्धाच वेळ कापले जाई. मोटारीने ही अडचण संपवली, मात्र धोका वाढवला. ३० सेंटीमीटर व्यासाचा ठोकळा मिनिटाला ६०० फेरे घेतो तेव्हा त्याची कडा ताशी सुमारे ३४ किलोमीटर वेगाने धावते, आणि न दिसलेली चीर अशा वेळी ठोकळा फोडून त्याचे तुकडे अंगावर भिरकावू शकते. म्हणूनच जाणता कारागीर आधी ठोकळा ठोकून पाहतो. निर्दोष लाकूड खणखणते, चिरलेले बद्द वाजते.

लाकूड निवडायचे तर वाशीम जिल्ह्यात रानात साग आणि बांधावर बाभूळ, कडुनिंब, आंबा अशी झाडे आहेत. सागाच्या अंगातील वाळूसारखे सिलिकाचे सूक्ष्म कण हत्याराची धार लवकर मारतात. बाभूळ चिवट व जड, म्हणून बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्याला तिचा मान मोठा. आंब्याला कीड लवकर लागते. कडुनिंबाचे धागे एकमेकांत गुंतलेले असल्याने ते तासताना उपटतात.

खरा शत्रू मात्र वाळण्याची घाई. ओले लाकूड वाळताना उभ्या लांबीत जवळजवळ आटत नाही, पण वार्षिक वलयांच्या दिशेने ते आरपार दिशेपेक्षा सुमारे दुप्पट आटते, आणि या विषमतेमुळे खोडाच्या मध्याकडून बाहेर चिरा पडतात. वऱ्हाडातल्या उन्हाळ्याच्या कोरड्या झळांत तर उघड्या टोकांतून पाणी इतक्या वेगाने निघून जाते की ओंडका दोन-चार दिवसांतच तोंड उघडतो. त्यामुळे ओंडका मधोमध उभा फाडून गाभ्याचा केंद्रभाग काढून टाकतात, टोकांना मेणाचा किंवा शेणमातीचा लेप देतात आणि भांडे आधी जाड कातून ठेवतात. व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी जाडी हा चांगला ठोकताळा होय. सावलीत काही महिने वाळून ते लंबगोल वाकडे झाले, की उरलेली जाडी कातून पुन्हा गोल करता येते.

धाग्याची दिशाही जपावी लागते. बाहेरची बाजू बुडाकडून काठाकडे आणि आतली काठाकडून बुडाकडे कापली तर धागे एकमेकांच्या आधाराने तुटतात. उलट कापल्यास पृष्ठभाग खरबरीत होतो, मग कितीही पॉलिशपेपर घासा.

राहिली गाठ. फांदीचे बूड खोडात जिवंतपणी मिसळले असेल तर गाठ घट्ट बसते आणि नक्षीही देते. फांदी वाळल्यावर खोडाने तिला वेढले असेल, तर सभोवती काळी कडा दिसते आणि ती गाठ कधीतरी निखळतेच. सावंतवाडीच्या चितारआळीत कातीव खेळण्यांवर रंगीत लाखेचा थर चढत असल्याने असले भोक लाख-भुशाने बुजवले तरी खपून जाते. काठवटीला ती मुभा नाही, कारण तिच्या उघड्या लाकडावर रोज ओले पीठ मळले जाते, आणि बुजवलेल्या भेगेत ते शिरून आंबते. अशा ठोकळ्याचा सदोष भाग कापून उरलेल्यातून लाटणे काढावे, हेच शहाणपणाचे. मात्र मोठा व्यास हातचा जातो म्हणून बहुतेक कारागीर ते शेवटपर्यंत टाळतात.