कांदा एक, प्रश्न दोन!

पदवीचं शेवटचं वर्ष सुरू झालं की आर्ट्सवाल्यांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो. मास्टर्स इंटरनॅशनल रिलेशन्स म्हणजे आयआरमध्ये करू, की डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये? उत्तरंही ठरलेली असतात. ‘आयआर केलं की परराष्ट्र सेवा, डेव्हलपमेंट केलं की एनजीओ.’ पण परराष्ट्र सेवेचा रस्ता यूपीएससीच्या परीक्षेतून जातो आणि तिथे कोणत्याही विषयाची पदवी चालते. डेव्हलपमेंट शिकलेली मुलं सरकारी योजना, संशोधन आणि कंपन्यांच्या सीएसआर विभागांतही काम करतात.

मग दोन्हींत फरक काय? आपला कांदाच घ्या. डिसेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर बंदी घातली. ती उठली मे २०२४मध्ये. मधल्या काळात बांगलादेश, श्रीलंका, यूएई अशा मोजक्या देशांना मात्र ठरावीक कांदा पाठवायला परवानगी मिळाली. बंदी असताना याच देशांना का? शेजाऱ्याचा विश्वास कांद्याने टिकतो का? हे झाले आयआरचे प्रश्न.

त्याच वेळी लासलगावला भाव कोसळले. डिसेंबरचा लाल कांदा उन्हाळी कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. म्हणजे मिळेल त्या भावाला विकणं आलं. शहरातला ग्राहक वाचला, पण किंमत कोणी मोजली? कर्ज काढून लागवड केलेल्या शेतकऱ्याने? काढणीला येणाऱ्या मजूर बाईने? हे प्रश्न डेव्हलपमेंट स्टडीजचे.

अभ्यासही तसाच वेगळा. आयआरमध्ये राजनय, सुरक्षा, आंतरराष्ट्रीय कायदा. वाचन भरपूर आणि एखादी परदेशी भाषा येत असेल तर सोन्याहून पिवळं. डेव्हलपमेंटमध्ये अर्थशास्त्र, समाजशास्त्र, धोरणं, आकडेवारी आणि फील्डवर्क. आयआरसाठी दिल्लीचं जेएनयू आणि डेव्हलपमेंटसाठी मुंबईची ‘टिस’ ही नावं तुम्ही ऐकली असतीलच.

दोन वर्षं आणि कदाचित एज्युकेशन लोन पणाला लागणार असेल, तर नुसतं कोर्सचं नाव भारी वाटतं म्हणून फॉर्म भरू नका. दोन्ही सिलॅबस डाउनलोड करा. शेवटच्या सेमिस्टरचे पेपर बघा. आठवडाभर रोजची एक बातमी वाचून मनात पहिला येणारा प्रश्न वहीत लिहा. सात प्रश्नांपैकी जास्त कुठल्या बाजूचे आहेत, ते मोजा. घरचे ‘हेच का?’ विचारतील तेव्हा ती वही पुढे करता येईल.