अटीतटीला अडखळणारा संघ

७ ऑक्टोबर २०२३, चीनमधलं हांगझोऊ. आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुष कबड्डीची अंतिम लढत, भारत विरुद्ध इराण. गुणफलक २८-२८ आणि खेळ संपायला जेमतेम एक मिनिट. भारताची तिसरी, म्हणजे ‘करो या मरो’ची चढाई होती आणि ती करायला खुद्द कर्णधार पवन सेहरावत गेला. गुण आणला नाही तर तो बाद होणार होता. इराणच्या कुणालाही हात न लावता पवन कडेच्या लॉबीत गेला आणि त्याला अडवायला धावलेले इराणी बचावपटूही त्याच्यामागे लॉबीत शिरले. तिथून वाद पेटला. जुन्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लॉबीत शिरलेले सगळेच बाद, म्हणजे भारताला चार गुण आणि इराणला एक. नव्या नियमाप्रमाणे मात्र फक्त चढाईपटू बाद, म्हणजे गुण एकट्या इराणला. पंचांनी निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. खेळाडू मॅटवरच बसून राहिले, सामना जवळपास तासभर खोळंबला. अखेर जुना नियम ग्राह्य धरला गेला आणि भारताने ३३-२९ अशी बाजी मारली.

सुवर्णपदक आलं. पण बारामती आणि इंदापूरच्या पट्ट्यातल्या ज्या माणसाने कधी काळी गावच्या संघातून कबड्डी खेळली आहे, त्याचं समाधान एवढ्यावर होत नाही. नियम भारताच्या बाजूने होता, चार गुण हक्काचे होते, हे त्याला मान्य असतं. तरीही ती चढाई फसलीच होती, हे तो ठामपणे सांगतो. बरोबरी असताना, शेवटच्या मिनिटात, तिसऱ्या चढाईला गेलेला गडी कुणाला स्पर्शही न करता बाहेर जातो, याचा अर्थ समोरच्या बचावाने त्याला खेळायला जागाच ठेवली नव्हती.

हा प्रेक्षक असं बोलू शकतो, कारण हा खेळ त्याने मातीत लोळून शिकलेला असतो. नीरेच्या कालव्यावरच्या उसाच्या गावांत कुस्तीइतकाच मान कबड्डीला आहे. जत्रा, जयंती, मंडळाचा वर्धापनदिन असं काहीही निमित्त पुरतं. संध्याकाळी मैदान पाण्याने भिजवून दाबलं जातं, चुन्याच्या रेषा पडतात, चारी बाजूंनी हॅलोजन लागतात आणि रात्री उशिरापर्यंत सामने चालतात. वजनी गटाच्या स्पर्धा असतील तर खेळाडूंना आधी काट्यावर उभं राहावं लागतं. रेषेला चिकटून बसलेली म्हातारी माणसं चढाईपटूचे पाय बघत असतात, चेहऱ्याकडे त्यांचं लक्षही नसतं. गडी निदान रेषेपर्यंत गेला की नाही, बोनस घेताना मागचा पाय उचलला की नाही, यावर पंचाच्या आधी त्यांचा निकाल लागलेला असतो. शेवटी ‘उत्कृष्ट चढाई’ आणि ‘उत्कृष्ट पकड’ अशी दोन्ही बक्षिसं दिली जातात. अशा ठिकाणी घडलेली नजर भारतीय संघाकडे वळली की ती कौतुकावर थांबत नाही.

या मुलखाचं कबड्डीशी आणखीही एक नातं आहे. हुतूतूला, म्हणजेच कबड्डीला, नियमांची पहिली चौकट १९१८च्या सुमारास साताऱ्यात मिळाली. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कबड्डी जगाला दाखवली. पुढे शंकरराव तथा बुवा साळवींनी आयुष्य वेचून तिचं संघटन उभं केलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. बारामतीचे शरद पवार या संघटनेत अनेक वर्षं नेतृत्व करत होते, नंतर अजित पवारांनीही राज्य संघटनेचं अध्यक्षपद सांभाळलं. १९९० साली बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून आली आणि तिथून भारतीय पुरुषांनी सलग सात सुवर्णं जिंकली. पहिल्या सुवर्णविजेत्या संघात राजू भावसार आणि अशोक शिंदे हे महाराष्ट्राचे खेळाडू होते. म्हणून इथल्या माणसाला भारताचा पराभव घरच्या पराभवासारखा लागतो.

आणि तो पराभव आला. २० ऑगस्ट २०१८ रोजी जकार्तात दक्षिण कोरियाने भारताला २४-२३ असं हरवलं. आशियाई स्पर्धेच्या इतिहासात भारतीय कबड्डी संघ हरण्याची ती पहिलीच वेळ. तीन दिवसांनी उपांत्य फेरीत इराणसमोर मध्यंतराला ९-९ अशी बरोबरी होती आणि सामना संपला तेव्हा इराण २७, भारत १८. अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी, रिशांक देवाडिगा अशी नावं असलेला संघ चाळीस मिनिटांत अठरा गुणांवर अडला. याच इराणला भारताने दोनच महिन्यांपूर्वी दुबईच्या मास्टर्स स्पर्धेत अंतिम फेरीत ४४-२६ असं लोळवलं होतं. इराणने दुबईचा धडा घेतला, भारताला मात्र दुबईच्या विजयाची धुंदी चढली, असं इथले जाणकार म्हणतात आणि त्यांचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे.

आकडे ओळीने मांडले की चित्र स्पष्ट होतं. २००४ साली मुंबईत झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत भारत ५५, इराण २७. २००७ साली पनवेलला २९-१९. २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत फक्त २७-२५. २०१६ साली अहमदाबादच्या विश्वचषकात ३८-२९, पण त्याच स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात कोरियाकडून ३२-३४ अशी हार. मग जकार्ता, मग हांगझोऊ. बायकांच्या संघाचीही तीच तऱ्हा: २०१४ साली इराणवर ३१-२१, २०१८ साली त्याच इराणकडून २४-२७ अशी हार आणि २०२३ साली चायनीज तैपेईवर २६-२५, एका गुणाने.

दुसऱ्या टोकाला बघा. हांगझोऊतच उपांत्य फेरीत पुरुषांनी पाकिस्तानला ६१-१४ असं हरवलं आणि महिलांनी नेपाळला ६१-१७ असं. म्हणजे लेचापेचा प्रतिस्पर्धी असला की भारतीय संघ लोणावर लोण चढवतो, आणि तोडीस तोड कुणी भेटला की शेवटच्या पाच मिनिटांत घाबरा होतो. टीका आहे ती यावर. ताकद कमी पडते असं कुणीच म्हणत नाही. अटीतटीत काय करायचं, याचा सराव या संघाला मिळत नाही, हे खरं दुखणं आहे.

हा सराव मिळत नाही तो कसा? प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत सुरू झाली आणि कबड्डीपटूच्या आयुष्यात पैसा आला, ही फार चांगली गोष्ट झाली. २०२३च्या लिलावात पवन सेहरावतला दोन कोटी साठ लाखांहून अधिक रक्कम मिळाली. एका हंगामात प्रत्येक संघ साखळीतच २२ सामने खेळला. पण हे सामने वेगवेगळ्या बारा संघांतून होतात. भारतीय संघ म्हणून जे सात जण मॅटवर उतरतात, ते एकत्र किती खेळतात? २०२३ साली बुसानची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली, ती २०१७च्या गोरगाननंतर थेट सहा वर्षांनी. बुसानला भारताने इराणला अंतिम फेरीत ४२-३२ असं हरवलं आणि तीन महिन्यांनी हांगझोऊला तोच इराण शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजला.

चढाई एकट्याची असते, तिचं तंत्र कुठल्याही संघात घोटता येतं. पकडीचं तसं नाही. कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला की त्याच क्षणी शेजारच्याने कमरेला मिठी घालायची, तिसऱ्याने मधल्या रेषेची वाट अडवायची आणि चौथ्याने वरून दाब द्यायचा. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच व्हावं लागतं. अर्धा क्षण उशीर झाला की चढाईपटू रेषेला हात टेकवतो आणि धरणारे सगळेच बाद होतात. कोपऱ्यातला कधी झेपावणार, हे शेजारच्याला न बघता कळायला हवं, आणि ते कळायला शेकडो वेळा एकत्र मार खावा लागतो. इराणच्या संघात ही जाण दिसते. त्यांच्या मातीत कुस्ती आहे, झुरखाना नावाच्या त्यांच्या तालमी आहेत, पाय धरला की सोडायचा नाही ही शिकवण लहानपणापासून असते.

आणि त्यांचे उत्तम गडी भारतात, किंबहुना महाराष्ट्रात, तयार झाले. डावा कोपरा सांभाळणारा फझल अत्राचली प्रो कबड्डीतल्या यू मुंबाकडून नावारूपाला आला, २०२२ साली पुणेरी पलटणचा कर्णधार झाला आणि पुढच्याच वर्षी हांगझोऊत इराणचं नेतृत्व करत भारतासमोर उभा राहिला. त्याच सामन्यात खेळलेला मोहम्मदरझा शादलुई अंतिम लढतीनंतर दोनच दिवसांनी मुंबईतल्या लिलावात पुणेरी पलटणने दोन कोटी पस्तीस लाखांना घेतला. १ मार्च २०२४ रोजी पलटणने पहिल्यांदा विजेतेपद पटकावलं, तेव्हा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या कर्णधारपदाखाली हाच शादलुई कोपऱ्यात उभा होता. पुणे जिल्ह्याने त्याच्यासाठी मनापासून टाळ्या वाजवल्या. परदेशी खेळाडूंना लीगमधून घालवा असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. त्यांच्यामुळे खेळ वाढला. पण आपल्या चढाईपटूची प्रत्येक लकब त्यांना पाठ झाली आहे, त्यावर आपल्याकडे काय तयारी आहे, हे विचारण्याचा हक्क प्रेक्षकाला आहे.

महिला संघाची हकीकत तर जिव्हारी लागणारी आहे. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्तात भारतीय मुली मध्यंतराला १३-११ अशा पुढे होत्या. सामना त्यांच्या हातून निसटला आणि इराणच्या बाकावरून उठून आनंदाने धावल्या त्या नाशिकच्या शैलजा जैन. विदर्भातून आलेल्या, नाशिकमध्ये वर्षानुवर्षं मुलींना कबड्डी शिकवलेल्या या प्रशिक्षक २०१७च्या सुरुवातीला इराणला गेल्या. भाषा वेगळी, रीतिरिवाज वेगळे, डोक्यावर रुमाल बांधून शिकवायचं. त्यांनी इराणी मुलींच्या सरावात योगासनं आणि प्राणायाम आणला, त्यांचा दम वाढवला आणि दीड वर्षात सुवर्ण जिंकून दिलं. भारतीय संघाचं प्रशिक्षकपद आपल्याला मिळालं नाही, ही खंत त्यांनी पुढे उघडपणे बोलून दाखवली. आपल्या हाताशी असलेलं ज्ञान ज्यांनी ओळखलं नाही, त्यांना या पराभवाचा जाब कुणी विचारला?

जाब विचारायचा तर कुणाला, हाही प्रश्नच होता. जकार्ताच्या आगेमागेच राष्ट्रीय महासंघाचा कारभार दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. संघनिवडीवरच्या तक्रारी, महासंघाची निवडणूक रद्द होणं, निवृत्त न्यायाधीशांची प्रशासक म्हणून नेमणूक, असं सगळं एकामागून एक झालं. हा तात्पुरता कारभार वर्षानुवर्षं चालला. २०२४ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने भारतीय महासंघाला निलंबित केलं. ज्या देशाने हा खेळ जगाला दिला त्याच देशाचा संघ स्पर्धेला जाईल की नाही, हे ठरायला फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावं लागलं. निवडून आलेल्या मंडळाकडे कारभार सोपवला गेला आणि मार्चमध्ये मुली तेहरानला गेल्या. तिथे त्यांनी इराणला त्यांच्याच घरी ३२-२५ असं हरवलं.

ही जीत मनापासून कौतुकाची आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याच्या विश्वचषकातही भारतीय महिलांनी चायनीज तैपेईला ३५-२८ असं नमवलं. बहारीनच्या आशियाई युवा स्पर्धेत मुलींनी इराणला ७५-२१ असं धुऊन काढलं, तर मुलांनी ३५-३२ असं जिंकलं. मुलांचा तो तीन गुणांचा फरक विसरता कामा नये. हेच गडी पाच-सहा वर्षांनी मोठ्या संघात येतील आणि त्यांच्याबरोबर तेच इराणी खेळाडूही मोठे झालेले असतील.

तालुक्याच्या पातळीवरही एक खोट आहे. राष्ट्रीय संघ मॅटवर बूट घालून खेळतो आणि गावचा पोरगा मातीत अनवाणी शिकतो. मातीत पाय घसरतो, म्हणून तो वळताना अंग आखडून घेतो. मॅटवर पाय रुततो, तिथे वळण्याची ढब वेगळी, गुडघ्यावर येणारा ताण वेगळा. सतराव्या-अठराव्या वर्षी जिल्ह्याच्या निवडचाचणीला पहिल्यांदा मॅट बघणारा मुलगा तिथेच मागे पडतो. २०१८ आणि २०२३ या दोन्ही आशियाई स्पर्धांत पुरुषांच्या बारा जणांत महाराष्ट्राचे दोघेच होते. हांगझोऊला महिला संघातही दोघीच, सोनाली शिंगटे आणि पुण्याची स्नेहल शिंदे. साखर कारखाने, शिक्षणसंस्था आणि क्रीडासंकुलं असलेल्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत शाळकरी मुलांना रोज वापरता येईल अशी मॅट ठिकठिकाणी असणं मुळीच अशक्य नाही.

२०२६च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात जपानमधल्या आइची-नागोया इथे आशियाई स्पर्धा आहे. त्याआधी लीगमधून महिनाभर काढून निवडलेले बारा जण एकत्र ठेवावेत, इराणला तीन सामन्यांच्या मालिकेसाठी बोलवावं आणि त्यातला एक सामना बारामतीत घ्यावा, अशी मागणी इथल्या कबड्डीप्रेमींनी महासंघाकडे लावून धरायला हवी. मैदान भरेल यात शंका नाही. चाळीस मिनिटं इराणच्या बचावाच्या साखळीशी झुंजून भारतीय गडी शेवटच्या पाच मिनिटांत काय करतात, ते रेषेला चिकटून बसलेल्या त्या म्हाताऱ्यांना जपानच्या आधीच बघू द्या.