कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्री
मोठ्या आतड्याची दुर्बिणीने होणारी तपासणी आतडे स्वच्छ असेल तरच उपयोगी पडते. मळ राहिला तर लहान गाठ दिसत नाही आणि पाड्यावरच्या रुग्णाला बोदवडहून जळगावची फेरी पुन्हा पडते.

आदल्या दिवशी भाकरी, वांग्याचे भरीत, पालेभाजी टाळावी. कोरा चहा, गाळलेले लिंबूसरबत चालते. जुलाबाचे औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच प्यावे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास आधी विचारावे. दोन पेल्यांच्या मध्ये अंगणात सावकाश चालल्यास आतड्याची हालचाल वाढते, पोट साफ व्हायला मदत होते. चक्कर येऊ शकते, म्हणून सोबतीला कोणी असावे.

बंधुभगिनींनो, घरी शौचालय नसलेल्या रुग्णाला त्या रात्री आपल्या घरी ठेवून घेणे, हीही प्रभूची सेवाच आहे.