शिखराजवळची ठेव

दडलेल्या वस्तूचा शोध घेण्याची हौस मनुष्यास फार प्राचीन काळापासून आहे. लपंडाव खेळणाऱ्या बालकापासून ध्रुवप्रदेश पालथा घालणाऱ्या संशोधकापर्यंत सर्वांच्या ठायी ही एकच वृत्ती वास करीत असते. मात्र एखाद्या दुर्गम पर्वताच्या शिखराजवळ कोणी लहानशी पेटी लपवून ठेवावी, तिच्या जागेचे आकडे साऱ्या जगास कळवावेत, आणि ज्यांना त्याने कधी पाहिलेही नाही अशा माणसांनी दिवसभर चढण चढून ती शोधून काढावी, हा खेळ अगदी अलीकडचा आहे. या पेटीत सोनेनाणे नसते. तिला कुलूप नसते आणि तिच्यावर पहाराही नसतो. तरीही अशा कित्येक पेट्या वर्षानुवर्षे जागच्या जागी राहतात. हे कसे घडते, ते जाणून घेण्यासारखे आहे.

या खेळास ‘जिओकॅशिंग’ असे म्हणतात. त्यातील ‘जिओ’ हे पद पृथ्वीवाचक ग्रीक शब्दापासून आले आहे. ‘कॅश’ या शब्दाचा येथे पैशाशी काही संबंध नाही. ‘लपविणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो निघाला आहे. उत्तर अमेरिकेच्या अरण्यांत हिंडणारे शिकारी व प्रवासी परतीच्या वाटेवर उपयोगी पडावी म्हणून अन्नसामग्री लपवून ठेवीत. त्या गुप्त साठ्यास हे नाव होते.

या खेळाचे एक जुने भावंड इंग्लंडात आहे. तेथील डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा उंच, ओसाड व दलदलीचा माळ आहे. त्याच्या अंतर्भागात क्रॅनमियर पूल नावाचे स्थळ असून तेथवर पोहोचणे पूर्वी फार कष्टाचे होते. जेम्स पेरट नावाचा एक वाटाड्या हौशी प्रवाशांना तेथे घेऊन जाई. १८५४ साली त्याने तेथे दगडांची रास रचून तीत काचेची एक बरणी ठेवली. येणाऱ्याने आपल्या नावाची चिठ्ठी तीत टाकावी, एवढाच त्याचा हेतू होता. “मी येथवर आलो होतो” असे सांगण्यास माणसाला एवढेसे निमित्तही पुरते! पुढे त्या माळावर अशा अनेक पेट्या लपविल्या जाऊ लागल्या आणि त्या शोधीत भटकणे हा तेथील लोकांचा आवडता छंद होऊन बसला.

पेरटच्या काळी वाट दाखविण्यास वाटाड्या लागे. आज ते काम आकाशातील उपग्रह करतात. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएस नावाच्या यंत्रणेचे उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रहात अत्यंत अचूक घड्याळ असते, आणि आपण कोठे आहोत व किती वाजले आहेत हे तो सतत कळवीत असतो. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर या गतीने येतो. उपग्रह अगदी माथ्यावर असला, तर संदेश पृथ्वीवर येण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग पुरतो. त्या अल्प अवधीचे मापन करून आपल्या हातातील यंत्र उपग्रहाचे अंतर ठरविते. देवळापासून शंभर पावले, विहिरीपासून साठ पावले आणि वडापासून चाळीस पावले असे कोणी सांगितले, तर जागा नेमकी सापडते. तोच हा न्याय. तीन अंतरांवरून जागा कळते आणि चौथ्या उपग्रहामुळे यंत्रातील साध्या घड्याळाची चूक सुधारून घेता येते. ही चूक क्षुल्लक नव्हे. सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची गफलत झाली, तरी अंतरात ३०० मीटरांचा फरक पडतो.

ही यंत्रणा अमेरिकेच्या सैन्यासाठी उभारलेली होती. इतरांना मिळणाऱ्या संदेशात हेतुपुरस्सर दोष मिसळलेला असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शके. १ मे २००० च्या मध्यरात्री अमेरिकन शासनाने हा दोष काढून टाकला. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक या गावाजवळच्या झाडीत डेव्ह अल्मर या गृहस्थांनी एक बादली ठेवली. तीत वही, पेन्सिल, काही पुस्तके, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा बंद डबा अशा किरकोळ वस्तू होत्या. संगणकांच्या जाळ्यावरून त्यांनी जागेचे आकडे प्रसिद्ध केले: उत्तर अक्षांश ४५ अंश १७.४६० मिनिटे, पश्चिम रेखांश १२२ अंश २४.८०० मिनिटे. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती बादली शोधून काढली. आता जगातील बहुतेक सर्व देशांत अशा पेट्या पसरल्या असून त्यांची संख्या तीस लक्षांहून अधिक आहे.

वरील आकड्यांतील शेवटच्या स्थानाचे महत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे भूपृष्ठावर सुमारे १,८५२ मीटर. त्याचा हजारावा भाग म्हणजे दोन मीटरांहूनही कमी! एवढ्या विशाल पृथ्वीवरील एका माणसाच्या उंचीएवढी जागा हे आकडे दाखवू शकतात. मग शोधण्यासारखे उरते काय, असे कोणासही वाटेल. परंतु आकडे कळणे वेगळे आणि तेथे पोहोचणे वेगळे. हा भेद पर्वतावर विशेष जाणवतो.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटल शहराच्या पूर्वेस, सुमारे १,४७० मीटर उंचीचे ‘मेलबॉक्स पीक’, म्हणजे टपालपेटीचे शिखर आहे. त्याच्या माथ्यावर खरोखरीच एक टपालपेटी ठेवलेली असून चढून येणारे लोक तीत चिठ्ठ्या व लहानसहान वस्तू ठेवून जातात. ही पेटी उघड्यावर असते, लपविलेली नसते. परंतु अशा शोधयात्रेतील कष्टांची कल्पना या शिखरावरून उत्तम येते. तेथे जाणारी जुनी वाट अवघी चार किलोमीटर लांब आहे. मात्र तेवढ्यात सुमारे १,२०० मीटर चढावे लागते. म्हणजे शंभर मीटर चालण्यामागे तीस मीटर चढ! ही वाट ओल्या मुळांवरून व सुट्या दगडांवरून जाते. येथे वाट चुकलेल्या व जखमी झालेल्या लोकांसाठी बचावपथकांना अनेकदा धाव घ्यावी लागली. शेवटी २०१४ साली वळणे घेत जाणारी नवी वाट खुली झाली. तिची लांबी सुमारे साडेसात किलोमीटर आहे. अंतर जवळजवळ दुप्पट झाले, पण चढ सौम्य झाला. जवळची वाट ती सोपी वाट, हा नियम डोंगरावर लागू पडत नाही.

हातातील यंत्राला मात्र हे उमजत नाही. पेटी चारशे मीटरांवर आहे असे ते दाखविते, तेव्हा ते केवळ हवाई अंतर असते. मधे खोल दरी आहे की तुटलेला कडा आहे, याची त्याला खबर नसते. त्याचा बाण पाहून सरळ चालू लागणारा मनुष्य संकटात सापडतो. म्हणून जाणता शोधक निघण्यापूर्वी नकाशा अभ्यासतो, रुळलेली वाट सोडीत नाही आणि होकायंत्र जवळ बाळगतो. थंडीत यंत्राची विद्युत्शक्ती लवकर संपते. कागदी नकाशाला ते भय नाही. आपण कोठे जाणार व केव्हा परतणार हे तो घरी सांगून ठेवतो. तसेच, कितीही वर चढलेलो असलो तरी कोणत्या वेळी मागे फिरायचे, हेही तो आधीच ठरवितो.

हा शेवटचा निश्चय पाळणे सर्वांत अवघड आहे. पहाटेपासून पाय झिजविलेले असतात, माथा समोर दिसत असतो, पेटी हाकेच्या अंतरावर आलेली असते. आणि त्याच वेळी पश्चिमेकडून धुके दाटून येते. येथे थांबणाऱ्यास कोणी भित्रा म्हणेल. परंतु उतरण्यास जेवढा प्रकाश व जेवढे बळ लागते, तेवढे शिल्लक ठेवणे हेच खरे धैर्य होय. पेटी उद्याही तेथेच असणार आहे, ती काही पळून जात नाही.

आकाश निरभ्र असले आणि शोधक त्या जागेपाशी पोहोचला, तरी काम संपत नाही. मोकळ्या जागी यंत्राची चूक पाच मीटरांच्या आसपास असते. पेटी ठेवणाऱ्याच्या यंत्रातही तेवढीच चूक असू शकते. शिवाय उंच खडकांवर आपटून संदेश वाकडे फिरतात आणि यंत्राचा बाण कधी इकडे तर कधी तिकडे वळू लागतो. आता यंत्र खिशात ठेवावे आणि डोळे उघडावेत. निसर्ग दगड एकावर एक नीटनेटके रचीत नाही. कोरड्या खडकाच्या फटीत ओला दगड कसा, एकाच धोंड्याचे शेवाळ खरवडलेले का, असे प्रश्न स्वतःस विचारावेत. वीस हजार किलोमीटरांवरून आलेला संदेश ज्या कोड्यापाशी थांबतो, ते कोडे माणसाच्या निरीक्षणानेच सुटते.

अखेर एक दगड बाजूस सरकतो आणि पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा हाती येतो. त्यात काचेची गोटी, एखादे परदेशी नाणे, लहानसे खेळणे अशा वस्तू असतात. एखादी वस्तू घ्यावयाची असल्यास तेवढ्याच किंवा अधिक मोलाची वस्तू ठेवावी, असा संकेत आहे. खाद्यपदार्थ ठेवू नयेत, कारण त्यांच्या वासाने वन्य पशू डबा फोडतात. परंतु डब्यातील खरे धन म्हणजे त्यातील वही. निरनिराळ्या देशांच्या लोकांनी, निरनिराळ्या ऋतूंत, थंडीने आखडलेल्या बोटांनी तीत आपली नावे व दिनांक लिहिलेले असतात. पेन्सिलीने लिहिणे बरे. शाई गारठ्यात गोठते आणि ओलीने पसरते.

आपले नाव लिहून झाल्यावर शोधकाचे सर्वांत मोठे कर्तव्य उरते. डब्याचे झाकण घट्ट लावून तो होता तेथेच, होता तसाच ठेवला पाहिजे. एकाने झाकण सैल ठेवले, तर एका पावसात पूर्वीच्या सर्वांची नावे पुसली जातात. एकाने डबा उचलून नेला, तर मागून येणाऱ्या सर्वांचे श्रम वाया जातात. आणि हे करताना त्यास पाहणारे तेथे कोणीही नसते. शेवटी येऊन गेलेला मनुष्य हाच त्या पेटीचा पहारेकरी असतो. एक पहारेकरी डोंगर उतरून जातो आणि जाताना आपली जबाबदारी पुढच्या अनोळखी माणसावर सोपवितो.

उपग्रहांनी जागेचे आकडे दिले, पायांनी चढण पार केली, डोळ्यांनी पेटी शोधली. परंतु पेटी टिकविली ती सचोटीने. निर्जन शिखराजवळची ती ठेव ओळखदेख नसलेल्या माणसांनी एकमेकांवर टाकलेल्या विश्वासामुळेच सुरक्षित राहते.

अभ्यास

१. जेम्स पेरटने बरणी कोणत्या हेतूने ठेवली?
२. ‘आकडे कळणे वेगळे आणि तेथे पोहोचणे वेगळे’ हे विधान मेलबॉक्स पीकच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. धुके दाटून आल्यावर माघारी फिरणे हे धैर्याचे लक्षण का मानले आहे?
४. ‘शेवटी येऊन गेलेला मनुष्य हाच त्या पेटीचा पहारेकरी असतो.’ शाळेतील किंवा गावातील कोणत्या वस्तूंना हे वाक्य लागू पडते, ते आठ ओळींत लिहा.