पन्नालाल घोष आणि लांब बासरी

बासरी म्हटली की आपल्या वाशीम भागात गुराख्याचा पावा आठवतो. मैफिलीत मात्र तिला बराच काळ मानाचे पान मिळाले नाही. कारण तिच्या आकारातच होते. आखूड नळीचा आवाज चढा. ख्यालाला हवा असलेला खर्ज तिच्यातून निघत नाही, आणि खर्जाविना आलापाला भारदस्तपणा कोठून येणार?

बारीसालला १९११ साली जन्मलेल्या पन्नालाल घोष यांनी हा प्रश्न सोडविला. निरनिराळे पदार्थ करून पाहून अखेर ते बांबूवरच स्थिरावले. पण तो बांबू सुमारे ३२ इंच लांबीचा. नळी लांबली की आतला हवेचा स्तंभ लांबतो, कंपने मंदावतात आणि स्वर खाली उतरतो. छिद्रांतील अंतरही वाढते, म्हणून बोटांच्या टोकांऐवजी पेरांनी ती झाकावी लागतात. सातव्या छिद्राने पंचमाखालचा तीव्र मध्यमही हाती आला.

‘बसंत’ (१९४२) या बोलपटाच्या संगीतावर त्यांचे नाव आहे. अशी प्रसिद्धी मिळाल्यावरही १९४७ मध्ये ते अल्लाउद्दीन खाँसाहेबांपुढे शिष्य म्हणून बसले. मला तर बासरीच्या लांबीपेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते.

याच जिज्ञासेने वारल्यांचा तारपा पाहावा. वाळलेला भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या आणि आत जिभली. बासरीत छिद्राच्या काठावर फुटलेली हवा गाते; तारप्यात जिभली थरथरते. त्यामुळे बासरीवाल्याने ओठांवर वर्षानुवर्षे केलेली मेहनत तेथे फारशी कामी येत नाही. फुंकण्यापासून पुन्हा शिकावे लागते.